तिसरा होकार

अक्कांनी पहिल्या भेटीत माझं तोंड बघितलंच नाही. दारात काढलेली माझी चप्पल उचलली, चष्मा कपाळावर सरकवला आणि चप्पल उलटी करून खिडकीच्या उजेडात धरली. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तशीच उभी. म्हटलं, ही बाई चपला दुरुस्त करते की काय!

"पुढनं पार झिजलीय, टाच कोरी हाय," त्या म्हणाल्या. "तू उबी ऱ्हातच न्हाईस व्हय गं? कायम पळायच्या तयारीत?"

"मी शाळेत पीटीची बाई आहे. खो-खो शिकवते. पळणं हेच माझं काम आहे," मी जरा तोऱ्यातच बोलले.

"मग हितं कशाला आलीस?"

"काही नाही, सहज. मैत्रीण म्हणाली, एकदा जाऊन तर ये."

त्यांनी चप्पल खाली ठेवली. "काही न्हाई असलं तर घरी जा की. उगंच जिना चढलीस." एवढं म्हणून खरंच आत निघून गेल्या. मला असा संताप आला म्हणून सांगू! चार पायऱ्या खाली उतरलेही. मग तिथंच थांबले, कारण उतरताना खोकला आला आणि जे व्हायचं ते झालं. गुपचूप वर गेले आणि अक्कांच्या कानाशी लागून सगळं सांगून टाकलं.

सांगायचं ते एवढंच होतं. धाकट्याच्या बाळंतपणाला चार वर्षं होऊन गेली होती आणि अजून मला खोकला, शिंक, हसू, उडी, यातलं काहीही आलं की लघवी सुटायची. शिवाय आत कुठंतरी सारखी ओढ, ठणका. नवऱ्याजवळ जायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा. मी काळ्या रंगाशिवाय दुसरी ट्रॅकपँट घेत नव्हते. पॅड लावल्याशिवाय घराबाहेर पडत नव्हते, पाणी तर औषधासारखं प्यायचे, दोन घोट. लग्नाकार्यात कुणी विनोद सांगायला लागलं की मी उठून स्वयंपाकघरात जायचे. लोक म्हणायचे, किती कामसू आहे बाई.

आणि मग एक दिवस मैदानावरच झालं. मुलींना खांबाजवळ सूर कसा मारायचा ते दाखवत होते. मी सूर मारला आणि उठले तेव्हा मांड्यांपर्यंत ओली. बारा मुली बघत होत्या. "बाटली सांडली गं," मी म्हटलं. बाटली दूर दप्तरांपाशी होती. एकही मुलगी काही बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. त्याच संध्याकाळी मुख्याध्यापिकाबाईंना अर्ज दिला की मला संघातून मोकळं करा, ग्रंथालय द्या. त्या चांगल्या. "दिवाळीपर्यंत विचार करा, मग बघू," म्हणाल्या. मी अकराव्या वर्षी मंगळवेढ्याच्या शाळेत पहिल्यांदा खो-खोच्या पाटीवर बसले तेव्हापासून मैदान सोडून मला दुसरं काही येत नाही. ग्रंथालयात मी पुस्तकांना शिट्टी वाजवणार होते का?

अक्कांना सगळे अक्काच म्हणायचे. गाव मंद्रूप, घरात बोलायचं कन्नड, बाहेर मराठी, आणि रागावल्या की दोन्ही. एका खाजगी प्रसूतिगृहात तीस वर्षं सिस्टर होत्या. निवृत्त झाल्यावर बाकीच्या बायका नातवंडं सांभाळतात, ह्या पुण्याला जाऊन फिजिओथेरपीवाल्या बायकांकडून नवीन काम शिकून आल्या. ओटीपोट, जांघा, कंबर आणि लघवीची जागा धरून ठेवणारे आतले स्नायू यांच्याकडे लक्ष देऊन त्यांना सैल करायचं, जागं करायचं, असं ते काम. भावाचं चादरी-टॉवेलांचं दुकान होतं, त्याच्यावरच्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी वर्ग. पाटी नाही, जाहिरात नाही. खालच्या गिऱ्हाइकांना वाटायचं वर भजनी मंडळ आहे. आधी डॉक्टरीणबाईंकडून तपासून चिठ्ठी आणायला लावायच्या. चिठ्ठी नसेल तर जिन्यातूनच परत.

जिना चढताना त्या स्वतःच्या गुडघ्यांशी बोलायच्या. डावा गुडघा दुखरा, त्याला 'तंगी' म्हणायच्या, कन्नडमध्ये धाकटी बहीण. "बा तंगी, बा," म्हणजे ये बाई ये, असं करत एकेक पायरी. आम्ही हसलो की म्हणायच्या, "हसताय काय? तुमी तर आपल्या अंगाला नावानं हाकबी मारत न्हाई."

ते मात्र खरं होतं. पहिल्या दिवशी एक चांगली शिकलेली बाई म्हणाली, "मला जरा खाली दुखतं." अक्का म्हणाल्या, "खाली माझ्या भावाचं दुकान हाय. तितं दुखतंय व्हय?" मग त्यांनी भिंतीवर एक चित्र लावलं आणि प्रत्येक जागेचं नाव मोठ्यानं म्हणून घेतलं, पाढे म्हणून घेतात तसं. पस्तीस वर्षांची मी, दोन लेकरांची आई, शरीरशास्त्राचा पेपर देऊन आलेली, आणि ती नावं घेताना माझे कान तापले.

वर्गात संगीत नाही, उदबत्ती नाही. शेजारच्या कारखान्यातल्या मागांचा खटखटाट तेवढा. आम्ही डाग लागलेल्या, विकायला न जाणाऱ्या चादरींवर ओळीनं आडव्या पडायचो. मग अक्का कढईत कोरडी ज्वारी शेकून, पिशवीत भरून, प्रत्येकीच्या ओटीपोटावर एक एक ठेवायच्या. मंगळवेढ्याची ज्वारी. मी म्हटलं, "अक्का, आमच्याकडं हिच्या भाकरी करतात." म्हणाल्या, "गप पड. आजवर किती बायकांनी तुजी ओटी भरली असंल? नारळ, खण, तांदूळ. आन तू सोता कदी हात ठिवलास हितं?" मी आठवायला लागले. आंघोळ सोडून, खरंच नाही. बाकीच्यांची ऊबदार पिशवी श्वासाबरोबर वर यायची, खाली जायची. माझी मात्र जागची हलायची नाही.

बाकीच्यांना असं पडायला सांगून कधीकधी अक्का स्वतःच भिंतीला टेकून घोरायला लागायच्या. जाग आली की शरमणं वगैरे नाही. "बघितलं का? आसं सोडायचं असतंय अंग," म्हणायच्या.

आता माझा शहाणपणा सांगते. अक्कांकडे जाण्याआधी मी मोबाइलवर व्हिडिओ बघून व्यायाम सुरू केला होता. आतले स्नायू आवळा, धरा, सोडा. पीटीची बाई ना मी, मला दहा वेळा सांगितलं तर वीस वेळा करणार. पोळ्या लाटताना आवळ, सिग्नलला आवळ, प्रार्थनेला उभी राहून आवळ. सोडायचं मात्र राहूनच जायचं. आणि त्रास वाढत चाललेला. हे मी अक्कांना मोठ्या अभिमानानं सांगितलं.

त्यांनी ताकाचा पेला आणला. "मूठ मीट," म्हणाल्या. मी मिटली. "अजून घट्ट. आता ह्यो पेला धर."

"मिटल्या मुठीनं कसा धरणार?"

"धर म्हणते न्हवं?" आणि सरळ सोडला पेला. ताक चादरीवर, माझ्या ओढणीवर, सगळीकडं. मी ओरडणारच होते, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "मूठ आवळलेलीच हाय तुजी, कवाची. तिला आनि काय आवळतीस? आदी उघडाय शीक. मग मिटायचं बगू." तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीत हेच लिहिलं होतं, फक्त इंग्रजीत. ताकाशिवाय ते माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. काहीजणींना खरंच आवळायचा व्यायाम लागायचा आणि त्यांच्याकडून त्या तो करूनही घ्यायच्या. मला नाही दिला.

पण अक्कांचं सगळ्यात मोठं खूळ वेगळंच होतं. त्या विचारल्याशिवाय कुणाला बोटसुद्धा लावायच्या नाहीत. आणि एकदा विचारून भागायचं नाही, तीनदा विचारायच्या. "हात ठिवू का?" हो म्हटलं की थांबायच्या, दोन श्वास जाऊ द्यायच्या. "ठिवू का?" पुन्हा हो. पुन्हा थांबायच्या. तिसऱ्यांदा विचारताना तोंडाकडे बघायच्याच नाहीत, पायांकडे बघायच्या. सुरुवातीला मला वाटलं, म्हातारीला विसर पडतोय.

माझ्यापाशी आल्या. पहिला हो, दुसरा हो, तिसरा हो. मी खणखणीत म्हटलं, हजेरी देतात तसं. अक्का उठल्या आणि पुढच्या बाईकडं गेल्या.

"अक्का, मी हो म्हटलं की!"

"तोंड व्हय म्हणालंय. पायाची बोटं न्हाई म्हणायल्यात."

मान उचलून बघितलं तर दोन्ही पायांची बोटं चादरीत रुतलेली. मला पत्ताच नव्हता. पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारी मी बोटं मुद्दाम सरळ ठेवली, तर म्हणाल्या, "आता दात आवळलेस." माझा पारा चढला. मी उठून बसले. "मग मी करू तरी काय? तीन शनिवार झाले, लेकरांना सासूबाईंवर टाकून येते, दिवाळी तोंडावर आली, आणि तुम्ही मला हातच लावत नाही!"

"हात लावलेला तुला पायजे का?"

"नको!" माझ्या तोंडून गेलं. "नकोय मला कुणाचा हात. कुणाचाच."

सगळ्या जणी माना वळवून बघायला लागल्या. मला वाटलं, संपलं, आता घालवतील. तर अक्का टाळी वाजवून म्हणाल्या, "यव्वा! बोलली बगा मास्तरीण!" त्या दिवशी त्यांनी मला हात लावला नाही, काही करून घेतलं नाही. भाकरीवर शेंगाचटणी आणि दही घालून दिलं, आणि मी ती पूर्ण खाईपर्यंत समोर बसून राहिल्या. "आता घरी जा आन हेच बोल," म्हणाल्या. "जितं बोलायचं ऱ्हायलंय तितं."

कुठं बोलायचं राहिलंय ते मला बरोबर कळलं होतं. चार वर्षं मी नवऱ्याला हो म्हणत होते. तो वाईट माणूस नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला आहे, आवाज चढवून बोलत नाही. पण मी डोळे मिटून, बोटं आवळून हो म्हणायचे आणि नंतर दोन दिवस ठणका सोसायचे. रविवारी सकाळी लेकरं खेळायला गेल्यावर चहा पिताना मी त्याला सांगितलं. लघवीचं सांगितलं, मैदानावरचं सांगितलं, आणि शेवटी म्हटलं, "मला दुखतं हो. पहिल्यापासून नाही, धाकट्याच्या वेळेपासून. मला सध्या नकोय."

त्यानं कप बशीत ठेवला. मग म्हणाला, "मला वाटायचं, मीच नकोय तुला."

"तुम्ही नको कशाला? दुखणं नको."

"मग आधी सांगायचंस की गं." त्याच्या डोळ्यात पाणी होतं. मला रागही आला, हसूही आलं. चार वर्षं दोघं एका पलंगावर झोपत होतो आणि दोघांनाही आपणच नकोसे झालोय असं वाटत होतं. त्या दिवसापासून माझा निम्मा ठणका गेला. खोटं नाही सांगत.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी अक्का माझ्यापाशी बसल्या. "हात ठिवू का?" मी उत्तर द्यायच्या आधी स्वतःच तपासून बघितलं. पाय सैल होते. जबडा सैल होता. हो म्हटलं. दुसऱ्यांदा हो म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा नुसती मान हलवली. त्यांनी तळहात माझ्या ओटीपोटावर, ज्वारीच्या पिशवीशेजारी ठेवला. दाबला नाही, चोळला नाही. नुसता ठेवला. जुन्या सिस्टरचा हात तो, जाड, कोरडा आणि गरम.

"धाकट्याच्या टायमाला काय झालं?" त्यांनी हळूच विचारलं.

मी नेहमीचंच सांगितलं. अख्खा दिवस कळा, पण मी तोंडातून हूं की चूं केलं नाही. सासूबाई अजून चार लोकांत सांगतात, आमच्या सुनेचा आवाज शेजारच्या खाटेलासुद्धा ऐकू गेला नाही, खेळाडू आहे ती. मलाही त्याचा अभिमान होता. हे सांगता सांगता माझ्या पोटातून काहीतरी वर यायला लागलं. मी ओठ मिटले. अक्का म्हणाल्या, "मिटू नगं. येऊ दी."

मी ओरडले. शब्दबिब्द नव्हते, नुसता आवाज, मैदानाच्या ह्या टोकापासून त्या टोकाला जाईल असा. एकदा, दोनदा, किती वेळा कुणास ठाऊक. शेवटी 'आई गं' निघालं आणि मी ढसाढसा रडले. बाजूची बाईही रडायला लागली, तिच्या पलीकडचीही. खालून अक्कांचे भाऊ धापा टाकत जिन्यात आले, मागं दोन गिऱ्हाइकं. दार न उघडता अक्का आतूनच खेकसल्या, "एनिल्ला, एनिल्ला! बाई वरडायलीय, दुसरं काय? तू टावेल इक जा!"

एनिल्ला म्हणजे काही नाही. एवढं कन्नड सोलापुरात मलाही येतं. डोळे पुसत मी म्हटलं, "अक्का, काही नाही म्हणायचं नसतं ना इथं?"

"कन्नडमदी चालतंय," त्या म्हणाल्या. मग मी जी हसले, पोट धरून हसले. हसून झाल्यावर लक्षात आलं, मी कोरडी होते. ज्वारीची पिशवी केव्हाची वरखाली होत होती.

सगळ्या गेल्यावर चादरींच्या घड्या घालायला मी थांबले. अक्का खिडकीपाशी गुडघा चोळत बसल्या होत्या. अचानक म्हणाल्या, "सासूवर राग धरू नगंस. मीबी तसंच बोललेय. तीस वर्सं. तोंड मीट, वरडू नगं, शेजारची घाबरंल. वॉर्डात चिडीचिप असलं की डॉक्टर म्हणायचे, सिस्टर लई चांगली हाय." गुडघ्यावरचा हात त्यांनी काढून घेतला. "आमच्याच भागातली एक पोरगी आल्ती. पैलटकरीण. मी म्हटलं तशी गप ऱ्हायली, पदर दातात धरून. लेकरू झालं, टाकं घालून झालं, मी सामान आवराय लागले, तर ती हळूच इचारतीया, सिस्टर, आता वरडू का?"

मी घडी तशीच हातात धरून उभी राहिले.

"मी म्हटलं, आता कशाला, झालं की समदं. आन गेले निगून. तिचं तोंड अजून दिसतंय मला. नाव इचारलं न्हवतं, कुटं शोदायचं? मग ह्ये शिकले. ती काय घावली न्हाई, तुमी घावला." एवढं बोलून त्यांनी डोळे पुसले आणि लगेच माझ्या घडीत खोट काढली, कडा जुळल्या नाहीत म्हणून. मी वाकून त्यांच्या पाया पडले तर म्हणाल्या, "तंगीच्या पड, ती जास्त दुखतीय."

एका शनिवारात कुणी बरं होत नाही. त्यानंतरही बरेच शनिवार गेले. सोडायचं शिकल्यावर अक्कांनी हळूहळू धरायचं शिकवलं, श्वास सोडत सोडत उठायचं शिकवलं, लघवीला घाईनं न पळता चार श्वास थांबायचं शिकवलं. मी पुन्हा पेलाभर पाणी प्यायला लागले. घरातलंही हळूहळू सुधारलं. नवऱ्याला आता विचारायची सवय लागलीय आणि मला खरं उत्तर द्यायची. याहून जास्त सांगत नाही. दिवाळी झाल्यावर मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, "मग, अर्जाचं काय करू?" मी म्हटलं, "मोहोळच्या सामन्यापर्यंत थांबा."

मोहोळला पोचलो तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. सामन्याआधी मुलींना अंग मोकळं करायला लावलं आणि म्हटलं, चला, मी पण येते. चार वर्षांत पहिल्यांदा पॅडशिवाय मैदानात उतरले होते. पळाले. वळले. माझ्या पुढं आमची कप्तान पळत होती, दांडगी मुलगी. खांब आला आणि मी श्वास सोडत सूर मारला. तोंडात माती गेली. उठले, खोकले, तेही चांगलं जोरात. मग कपडे झटकण्याच्या निमित्तानं हळूच हात लावून बघितला. काही सुद्धा नाही! मुली ओरडायला लागल्या, "बाई, परत, बाई, परत!" मी परत मारला. तिसऱ्यांदाही मारला असता, पण पंचांनी शिट्टी वाजवली.

सामना संपल्यावर मांडवामागं जाऊन अक्कांना फोन लावला. "अक्का, पळाले. सूर मारला, दोनदा."

"आन?"

"कोरडी."

पलीकडं मागांचा खटखटाट चालूच होता. मग म्हणाल्या, "मग शनवारी येऊ नगंस. नऊच जणी मावत्यात वर. एक पोरगी म्हैनाभर जिन्यातनं परत जायलीय, तुजी जागा तिला दिते." आणि फोन ठेवून दिला. धड शाबासकी नाही, काही नाही. माझा असा संताप झाला, आणि त्या संतापातच मला मोठ्यानं रडू फुटलं. तोंड दाबलं नाही की रुमाल लावला नाही, भोकाड पसरलं.

मुली धावत आल्या. कप्ताननं माझ्या खांद्यावर हात टाकला. "बाई, रडू नका की. पुढच्या वर्षी जिंकू आपण."

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की आम्ही सामना हरलोय, आणि तोही सपाटून.